मगदूम अण्णा आणि पूर्णत्वाचा दाखला

वास्तुशांतीच्या पंगतीला बसण्याआधी मगदूम अण्णा यजमानाला बाजूला घ्यायचे आणि हळूच विचारायचे, "पूर्णत्वाचा दाखला आलाय न्हवं?" हळूच म्हणजे त्यांच्या मानाने हळूच, तो प्रश्न आतल्या खोलीत बसलेल्या बायकांपर्यंत जायचा. पूजा नुकतीच आटोपलेली, नवरा-बायको नव्या कपड्यांत घामाघूम झालेले, आणि हा पांढऱ्या टोपीतला उंच माणूस महापालिकेच्या कागदाची चौकशी करतोय. दाखला आला असेल तर अण्णा खुशीत दोन वाट्या खीर जास्त घ्यायचे. नसेल तरी जेवायचे, पण निघताना आहेराच्या पाकिटाबरोबर सल्लाही हातात ठेवायचे. "त्यो कागद आल्याबिगर व्याजाची सूट धरू नगंस. घर झालं म्हणून तू सांगून भागत न्हाय. कागदानं सांगाय पायजे."

आमची फाउंड्री शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत. अण्णा तिथे टाइम ऑफिसला क्लार्क होते, म्हणजे कामगारांच्या हजेऱ्या, रजा, ओव्हरटाइम सगळं त्यांच्या हातात. मी कोडोलीहून बी.कॉम. होऊन अकाउंट्समध्ये लागले तेव्हा बावीस वर्षांची होते आणि आपल्याला सगळं येतं असा माझा समज होता. पहिल्याच जानेवारीत तो उतरला. जानेवारीत कामगारांनी विमा, फंड, घरकर्ज यांचे पुरावे द्यायचे आणि आम्ही ते तपासून कुणाच्या पगारातून किती आयकर कापायचा ते ठरवायचं, अशी पद्धत. तीनशे फॉर्म माझ्या टेबलावर येऊन पडले. कुणाचा चहाने भिजलेला, कुणावर ग्रीसचा अख्खा अंगठा. मी रडकुंडीला आले होते. अण्णांनी वरचा फॉर्म दोन बोटांत उचलून उजेडात धरला आणि म्हणाले, "पोरी, आधी घराचं काढ. बाकी सगळं चिल्लर हाय. ह्या लोकांच्या जल्मात मोठा कागद एकच असतोय."

ते खरं होतं. आमचे मोल्डर, फिटर, पॅटर्नवाले काही लठ्ठ पगाराचे नव्हते. कर लागायचा तो थोडासा, काठावरचा. पण तो थोडासा कर म्हणजे पोराची फी असायची, आणि घरकर्जाच्या व्याजाची वजावट मिळाली की तो पुसला जायचा. म्हणून जानेवारीभर दुपारच्या सुट्टीत अण्णा कॅन्टीनच्या कोपऱ्यातलं टेबल अडवून बसायचे. समोर स्टेपलर, टाचण्या आणि एक खोडरबर. ज्याला लिहिता येत नाही त्याचा फॉर्म ते लिहायचे, ज्याला येतं त्याचाही तेच लिहायचे, कारण दुसऱ्याचं अक्षर त्यांना सहन होत नसे. तीनशेतले दीडशे फॉर्म त्यांच्या डावीकडे कललेल्या अक्षरातच माझ्याकडे येत. या कामाचे त्यांनी कधी चहाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत.

एकदा संभाजी नावाचा मोल्डर मोठ्या ऐटीत आला. बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, म्हणून त्याने फ्लॅट एकट्या बायकोच्या नावावर घेतला होता. कर्जाचे हप्ते मात्र याच्या पगारातून. अण्णांनी कागद वाचले, चष्मा काढला, परत घातला.

"हप्ता कुणाचा?"

"माझा की."

"घर कुणाचं?"

"बायकोचं."

"मग सूट कुणाला द्यायची सरकारनं? ती हप्ता भरत न्हाय आन् तू मालक न्हाईस. एक टक्का वाचवायला गेलास आन् वीस वर्षांची सूट घालवून बसलास. मला आधी इचारायचं न्हाईस व्हय?"

"पुढच्या घराला ध्येनात ठेवतो," संभाजी म्हणाला.

"पुढचं घर," अण्णा म्हणाले. "ह्या जल्मात?" सगळं टेबल हसलं. संभाजीही हसला, पण डबा न खाता उठून गेला. त्या दिवशी अण्णांनीही आपला डबा तसाच घरी नेला. दुसऱ्याचं नुकसान त्यांच्या जिवाला असं लागून राहायचं.

स्वतः अण्णा मात्र भाड्याने राहत होते. शुक्रवार पेठेत एका चाळवजा इमारतीच्या वरच्या मजल्यावर दीड खोली, भाडं बाराशे, आणि संडास खाली परसात. नळही खालीच. मूलबाळ नव्हतं. पत्नी पार्वतीअक्का, नेसरीकडच्या. अण्णा बोलघेवडे, तर अक्का शांत. बोलता बोलता मध्येच एखादा कानडी शब्द टाकायच्या आणि मला कळला नाही की तोंडाला पदर लावून हसायच्या. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून त्या दिवसातून मोजून तीनदा जिना उतरायच्या, आणि उतरावं लागू नये म्हणून दुपारनंतर पाणी प्यायच्या नाहीत. ही गोष्ट त्यांनी मला अशी सांगितली होती, जसं एखादीनं भाजीत मीठ कमी टाकते म्हणून सांगावं.

पन्नाशी उलटल्यावर अण्णांनी फुलेवाडीच्या पुढे एक फ्लॅट बुक केला. तिसरा मजला, एक खोली, हॉल, स्वयंपाकघर. मालक म्हणून दोघांची नावं, कर्जालाही दोघांची नावं, सगळं नियमाप्रमाणे. त्या दिवशी त्यांनी अख्ख्या ऑफिसला पेढे वाटले आणि मला समोर बसवून नियम समजावला. घर पूर्ण होईपर्यंत भरलेल्या व्याजाची सूट लगेच मिळत नाही, पण ते वायाही जात नाही. घर पूर्ण झालं की मागच्या सगळ्या व्याजाचे पाच सारखे भाग करायचे आणि पाच वर्षं एकेक भाग वजा करत जायचं. दर एप्रिलमध्ये बँकेचं व्याजाचं सर्टिफिकेट आलं की त्याच्या कोपऱ्यात अण्णा पेन्सिलीने लिहायचे, 'राखून'. मी विचारलं, पेन्सिलीने का? म्हणाले, "आजून घर झालं न्हाय. झालं की पेनानं गिरवायचं."

इमारत झाली. बिल्डरने पार्किंगच्या जागेत दोन दुकानगाळे काढले होते, त्यामुळे पूर्णत्वाचा दाखला अडकला. पण त्याने काही फार मनावर घेतलं नाही. त्याने आपल्या लेटरहेडवर 'आपणांस सदनिकेचा ताबा देण्यात येत आहे' अशी पत्रं छापली आणि किल्ल्या वाटून टाकल्या. सोळांपैकी तेरा बिऱ्हाडं राहायला गेली. त्यांत दोघे आमच्याच कारखान्यातले. गॅलऱ्यांत धुणी वाळायला लागली, दारांवर तोरणं आली. अण्णांनी किल्ली घेतली, पत्र घेतलं आणि बिल्डरचा शेवटचा हप्ता रोखून धरला. "आपन बी राहायला गेलो की त्यो दाखल्याचं नाव काढायचा न्हाय," असं त्यांचं म्हणणं. दाखला नाही तर घर झालं नाही, घर झालं नाही तर सूट नाही, आणि राखून ठेवलेलं सगळं व्याज मातीत. वर्षाला अठरा-एकोणीस हजारांचा कर त्यांना लागत होता. खोलीचं भाडं वर्षाला चौदा-साडेचौदा हजार. थांबणं फायद्याचं होतं. तो हिशेब मी तीनदा तपासला आहे. त्यात चूक नव्हती, आणि तेच आता सहन होत नाही.

अक्का मात्र दर सोमवारी त्या फ्लॅटवर जायच्या. बस बदलून, तीन जिने चढून. रिकामा फ्लॅट लोटायच्या, कुलूप लावून परत यायच्या. एका सोमवारी मी सुट्टीवर होते म्हणून त्यांच्याबरोबर गेले. केर असा काही नव्हताच, तरी त्यांनी तिन्ही खोल्या कोपरान् कोपरा लोटल्या. मग मला स्वयंपाकघरात नेलं, ओट्यावरचा नळ सोडला आणि त्या धारेखाली नुसता हात धरून उभ्या राहिल्या. शेजारी संडासाचं दार होतं. ते उघडून दाखवलं, परत लावलं.

"सुजाता, ह्यांना सांग की," त्या म्हणाल्या. "तुझं ऐकतील ते."

"काय सांगू?"

"राहायला येऊया म्हणून. कर काय, भरू की. इतकी वर्सं भरलाच की न्हाय? मला त्यो तिकडचा जिना उतरवंना आता."

मी सांगते म्हणाले. खरं म्हणजे सांगणार होते.

त्यानंतरच्या फेब्रुवारीत अण्णा माझ्या टेबलाशी आले. तोवर मी परीक्षा देऊन बढती मिळवली होती आणि कारखान्यातले सगळे पुरावे माझ्या सहीने मंजूर व्हायचे. अण्णा मला चेष्टेने म्याडम म्हणायला लागले होते. त्यांनी बिल्डरचं ते ताबापत्र माझ्यासमोर ठेवलं, काचेवर बोटाने सरळ केलं.

"म्याडम, हे चालंल का?"

मी वाचलं. चाचणी घ्यायला आलेत असं मला वाटलं. मी म्हणाले, "नाही चालणार. पूर्णत्वाचा दाखला पाहिजे."

"पत्रात ताबा म्हणून लिवलंय की."

"बिल्डरने लिहून भागत नाही अण्णा. तुम्हीच शिकवलंत."

ते तसेच उभे राहिले. मी पुढचा फॉर्म घेतला तरी ते उभेच. "बघ परत एकदा," म्हणाले. मी न बघताच मान हलवली. मग त्यांनी पत्राची घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "शाबास. पक्की झालीस." माझी मान ताठ झाली. गुरूने परीक्षा घेतली आणि मी उतरले, याचा मला दिवसभर आनंद होता. अक्कांना दिलेला शब्द मला आठवलासुद्धा नाही. संध्याकाळी अण्णांनी घरी जाऊन सांगितलं, सुजातानंबी न्हाय म्हटलंय. हे अक्कांनीच नंतर मला सांगितलं, आणि वर म्हणाल्या, "तू म्हन्तीस म्हंजे तसंच असंल."

मार्चमध्ये फायली लावताना मला दोन कागद दिसले. त्याच इमारतीतल्या आमच्या दोन कामगारांचे फॉर्म, त्याच बिल्डरचं तेच पत्र जोडलेलं, आणि खाली मंजूर म्हणून माझी सही. तीनशेच्या गठ्ठ्यात मी ते वरवर नजरेखालून घातले होते. ते कुणाच्या अक्षरात आहेत हेही मी पाहिलं नाही. माझी सही तेवढी दिसली. त्या दोघांनी मला काही विचारलं नव्हतं. अण्णांनी विचारलं, म्हणून त्यांना नियम लागला. त्याच दिवशी शुक्रवार पेठेत जाऊन मी हे सांगायला हवं होतं, की दोघांना चाललेलं पत्र तुम्हालाही चालेल, राहायला जा. पण ते फुटलं असतं तर साहेबांची बोलणी बसली असती, दोघांच्या पगारातून कर कापावा लागला असता. मी फाइल बंद केली. एवढी भित्री मी आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

ऑगस्टमध्ये अक्का पडल्या. पहाटे खाली जाताना, ओल्या जिन्यावर, शेवटून चौथ्या पायरीवर. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण साखर वाढलेली होती, जखम भरेना. दोन महिने अक्का त्या दीड खोलीत खाटेवर होत्या. मी जायचे तेव्हा अण्णा त्यांना चमच्याने पाणी पाजत असायचे आणि अक्का सवयीने तोंड फिरवायच्या. "पी की," अण्णा म्हणायचे, "आता खाली जायचं न्हाय तुला." दसऱ्याच्या आधी त्या गेल्या. सोमवार नव्हता, कुठलाच वार लक्षात ठेवावा असा नव्हता.

अण्णांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. कामावर आले, हजेऱ्या लावल्या, जानेवारीत टेबल मांडलं. फक्त वास्तुशांतीला जाणं बंद केलं. मी मनातल्या मनात वाट बघत होते, की एक दिवस ते मला चारचौघांत बोलतील आणि माझी सुटका होईल. ते बोलले नाहीत.

पुढच्या हिवाळ्यात दाखला आला. बिल्डरने दंड भरला, गाळे पाडले, आणि महापालिकेचा शिक्का असलेला तो कागद घेऊन अण्णा माझ्या टेबलाशी आले. बरोबर बँकेची पाच सर्टिफिकेटं, पाचही कोपऱ्यांत पेन्सिलीने 'राखून'. खिशातलं पेन काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवलं.

"आता तू गिरव," म्हणाले.

मी पेन उचललं नाही. त्या वर्षापासून कराच्या नव्या पद्धतीत करमाफीची मर्यादा वाढली होती. नव्या पद्धतीत राहत्या घराच्या व्याजाची सूट नाही, काहीच सूट नाही. पण अण्णांच्या पगाराएवढ्या उत्पन्नाला करच नाही. मी दोन्ही पद्धतींनी त्यांचा कर काढून ठेवला होता आणि आठवडाभर ड्रॉवरमध्ये लपवला होता. तो कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"अण्णा, जुन्या पद्धतीनं घर धरलं तर शून्य येतं. नव्या पद्धतीनं काही न धरता शून्य येतं."

त्यांनी दोन्ही रकाने बोट फिरवून वाचले. त्यांना समजवावं लागेल असं काही त्यात नव्हतं. त्यांच्याइतकं ते कुणालाच समजत नव्हतं.

"म्हंजे घर असलं तरी शून्य, नसलं तरी शून्य."

"हो."

"मग त्यो दाखला कशाला पायजे हुता?"

त्यांनी माझ्या टेबलावरचं खोडरबर घेतलं आणि पहिल्या सर्टिफिकेटवरचं 'राखून' खोडलं. मग दुसऱ्यावरचं. सावकाश, कागद चुरगळणार नाही असं डाव्या हाताने दाबून धरून, पाचही. खोडून झाल्यावर रबराचा चुरा तळहातावर गोळा केला, केराच्या टोपलीत झाडला, आणि नव्या पद्धतीच्या चौकटीत खूण करून सही केली. माझ्यासमोर माणूस रडला असता तर मला बरं वाटलं असतं.

मार्चअखेर ते निवृत्त झाले. पुढे काही महिन्यांनी नेसरीला मेव्हण्याकडे गेले आणि तिथेच वारले. मला ते आठ दिवसांनी कळलं. पण त्यांना मी शेवटचं पाहिलं ते फुलेवाडीच्या फ्लॅटवर, निवृत्तीनंतरच्या एका सोमवारी. ते शुक्रवार पेठेतच राहत होते. फ्लॅटवर फक्त सोमवारी जायचे, लोटायला. मी गेले तेव्हा दार उघडं होतं, अण्णा वाकून अक्कांच्याच झाडूने हॉल लोटत होते. टोपी खिडकीत काढून ठेवलेली.

"आता इथे राहायला का येत नाही?" मी विचारलं.

"ती तितं हाय," ते म्हणाले. "हितं नुसती लोटायला याची."

मग मी सांगितलं. उभ्या उभ्या, घाईघाईने, जसं येईल तसं. त्या वर्षी मी त्या दोघांची पत्रं मंजूर केली होती, नजरचुकीनं. मार्चमध्ये मला कळलं होतं. मी येऊन बोलले नाही. बोलले असते तर तुम्ही पावसाळ्याआधी इथे आला असता.

अण्णा लोटायचे थांबले नाहीत. "ठावं हाय मला," म्हणाले. "त्यांचे फॉर्म मीच भरलेते."

"तुम्ही?"

"त्यांची ल्हान ल्हान पोरं हायती. म्हटलं, तुझ्या नजरंतनं सुटलं तर सुटलं. सुटलं."

"मग स्वतःचं का नाही भरलंत तसंच? मला कशाला विचारायला आलात?"

ते भिंतीला झाडू टेकवून सरळ झाले. कंबरेवर हात ठेवून थोडा वेळ ओट्यावरच्या नळाकडे बघत राहिले.

"माझ्या हातनं माझं तसं लिवलं जाईना," ते म्हणाले. "पार्वती तर रोज म्हनायली हुती, चला, चला. म्हटलं तुला इचारावं. तू व्हय म्हनशील असं वाटलं हुतं."

एवढं बोलून त्यांनी झाडू परत उचलला. मी हॉलच्या मधोमध उभी होते. माझ्या पायापर्यंत लोटत आल्यावर ते थांबले, आणि मी भिंतीकडे सरकून त्यांना जागा करून दिली.